लग्न न झालेलं जोडपं, सोसायटीचा ठराव आणि माझी सही

अबोली · शनिवार, रात्री ११:१०

तीन आठवडे झाले, हे डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

आमची ठाण्यातली सोसायटी, ५६ फ्लॅट. मी दोन वर्षांपासून सेक्रेटरी आहे. चौथ्या मजल्यावर एक मुलगा आणि एक मुलगी भाड्याने राहायला आले. दोघंही नोकरी करणारे, सत्तावीस-अठ्ठावीसचे. करारनाम्यावर दोघांची नावं, पोलीस व्हेरिफिकेशन झालेलं, मालकाला सगळं माहीत. महिन्याभराने कुणाला तरी कळलं की यांचं लग्न झालेलं नाही. लगेच तातडीची सभा. एरवी पाण्याच्या टाकीचा विषय असला की नऊ डोकी जमत नाहीत, त्या दिवशी सव्वीस जण आले. ‘आमच्या मुलांवर काय संस्कार होणार?’ हा एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी. ठराव झाला की यापुढे जागा फक्त विवाहित कुटुंबालाच भाड्याने द्यायची. मालकावर दबाव आला आणि आठ दिवसांत त्याने घर रिकामं करून घेतलं.

ठराव माझ्या अक्षरात आहे. खाली माझी सही आहे.

सभेत जे गृहस्थ संस्कृतीवर सगळ्यात जास्त बोलले, त्यांच्या घरातून रात्री येणारा आवाज आमच्या मजल्यावर सगळ्यांच्या ओळखीचा आहे. त्यांची बायको मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालते. त्यावर आजवर एकही सभा झालेली नाही. मीही बोलावली नाही.

जाताना ती मुलगी किल्ली द्यायला आली. हातात तुळशीची कुंडी होती. म्हणाली, “काकू, टेम्पोत मोडेल. थोडे दिवस ठेवाल का तुमच्याकडे?” मी ठेवून घेतली. तिच्या डोळ्यात बघवलं नाही.

लैंगिक नैतिकता म्हणतो तेव्हा आपण नेमकं मोजतो काय? आणि या मोजण्याचे समाजावर काय परिणाम होतायत? तुम्ही पाहिलेलं लिहा. मला खरंच समजून घ्यायचंय.

---

करडईतेल · शनिवार, रात्री ११:२६

पाण्याच्या टाकीला नऊ आणि शेजाऱ्याच्या बेडरूमला सव्वीस! पुढच्या नोटिशीत ‘टाकीत अविवाहित जोडपे आढळले’ असं लिहा ताई, कोरम हमखास भरेल.

---

काळाकोट · शनिवार, रात्री ११:५८

अबोलीताई, आधी कायद्याचं सांगते. दोन सज्ञान माणसांनी लग्नाशिवाय एकत्र राहणं हा भारतात गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली अभिनेत्री खुशबू यांच्या खटल्यात हे स्पष्ट सांगितलंय. समाजाच्या एका भागाला एखादी गोष्ट अनैतिक वाटते म्हणून ती गुन्हा ठरत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तर ‘लग्नासारख्या नात्यात’ राहणाऱ्या बाईलाही संरक्षण दिलंय. तुमच्या ठरावाला कायद्याचा आधार नाही, कुणी आव्हान दिलं तर तो टिकणं अवघड. उत्तराखंडात मात्र २०२५ च्या जानेवारीपासून अशा जोडप्यांना नोंदणी सक्तीची झालीये. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत तुरुंगवास किंवा दंड. आपल्याकडे तसं काही नाही.

आपण नेमकं मोजतो काय, या तुमच्या प्रश्नाला उत्तर म्हणून एक जुनं कलम सांगते. भारतीय दंड संहितेचं कलम ४९७, व्यभिचाराचं. १८६० पासून थेट २७ सप्टेंबर २०१८ पर्यंत पुस्तकात होतं. विवाहित बाईशी संबंध ठेवणाऱ्या परपुरुषाला शिक्षा, पण नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही. नवरा बाहेर कुणा अविवाहित बाईकडे जात असेल तरी गुन्हा नाही. बायकोला तक्रार करायचा हक्कच नव्हता. दीडशे वर्षं आपण ज्याला नीतीचं रक्षण म्हणत होतो, ते खरं तर नवऱ्याच्या मालकीचं रक्षण होतं.

---

बापूराव_सातारा · रविवार, सकाळी ६:४०

मी ७२ वर्षांचा आहे, निवृत्त मुख्याध्यापक. इथे बहुतेकांना पटणार नाही असं बोलणार आहे, तरी शांतपणे ऐकून घ्यावं.

त्या मुलांना घराबाहेर काढलं ते चूक. पावसापाण्यात कुणाला बेघर करणं हा कुठलाच धर्म नाही. पण लग्नाशिवाय राहणं तेवढंच चांगलं, असं मला वाटत नाही. लग्न म्हणजे काय? चार माणसांसमोर दिलेला शब्द. माझ्या चुलतभावाने १९८१ साली बायकोला माहेरी पाठवून दिलं, तेव्हा आमचे वडील, मामा आणि गावचे दोन जाणते असे चौघे त्याच्या दारात जाऊन बसले. जेवले नाहीत, पाणी प्यायले नाहीत. तिसऱ्या दिवशी तो जाऊन तिला घेऊन आला. पुढे त्यांचा संसार नीट झाला. आज दोन मुलं खोलीत राहतात, मन भरलं की एक जण बॅग उचलतो. दुसऱ्याच्या बाजूने दारात जाऊन बसणारं कोण आहे?

मोकळीक वाढली तसा एकटेपणाही वाढला. माझ्या शिकवलेल्या मुलांमध्येच पाहतोय.

---

बंड्या_कोथरूड · रविवार, सकाळी ९:१५

काका, मान राखून बोलतो. त्या वहिनींना परत यायचं होतं का, हे चौघांपैकी कुणी विचारलं होतं?

मी आणि माझी जोडीदार तीन वर्षं एकत्र राहतोय. घर शोधताना अकरा ठिकाणी नकार आला. एका एजंटने सांगितलं, ‘पन्नास रुपयांचं मंगळसूत्र घ्या, विषय संपवा.’ आम्ही घेतलं नाही. बाराव्या घराच्या आजी म्हणाल्या, ‘भाडं पाच तारखेला द्या आणि जिन्यात चपला पसरू नका.’ त्या आजींच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला रात्री आम्ही दोघं आळीपाळीने थांबलो होतो.

---

शर्वरी_के · रविवार, सकाळी ११:०२

मला बापूकाकांच्या बाजूने थोडं बोलायचंय, आणि ते मला सोपं जात नाहीये.

सहा वर्षं मी एकासोबत राहिले. आईवडिलांशी भांडून गेले होते. घरभाडं अर्धं-अर्धं, त्याच्या एमबीएची फी दोन हप्ते मी भरली. सहाव्या वर्षी दिवाळीला तो गावी गेला आणि फोनवर म्हणाला, ‘आई ऐकत नाहीये, जातीतली बघितलीये.’ संपलं. त्याचं लग्न झालं, वरात निघाली, बुंदी वाटली. त्याचे तेच मित्र माझ्याकडे बघून गप्प व्हायला लागले. त्याच्या भूतकाळाला ‘वय होतं ते’ म्हणतात. माझी स्थळं मात्र ‘मुलगी राहिलेली आहे’ एवढ्या तीन शब्दांत परत जातात. एकाच घरात, एकाच भांड्यात शिजवून खाल्लं ना आम्ही?

तेव्हा बापूकाका म्हणतात तसं माझ्या बाजूने दारात जाऊन बसणारं कुणी असतं, तर मला हवंच होतं. त्याला परत आणायला नाही. ‘हिच्याशी तू जे वागलास ते वाईट वागलास’ एवढं त्याच्या आईसमोर म्हणायला. पण ज्यांनी बसायचं, तीच माणसं मला दोषी धरून आधीच उठून गेली होती.

---

काळाकोट · रविवार, दुपारी १२:२०

शर्वरी, तुला खूप प्रेम. दंड संहितेच्या जागी आलेल्या नवीन न्याय संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून, कलम ६९ आलंय. मुळात लग्न करायचा इरादाच नसताना तसं वचन देऊन संबंध ठेवले तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. पण मन बदललं, घरच्यांपुढे वाकला, याला ते लागत नाही आणि लागूही नये. प्रत्येक दुखावलेल्या माणसाला पोलीस स्टेशन हे उत्तर नसतं. तू म्हणतेस ते काम कोर्टाचं नाहीच, ते आपलं, आजूबाजूच्यांचं आहे.

---

करडईतेल · रविवार, दुपारी १२:४५

अवांतर, पण शर्वरीताईंचं ‘राहिलेली’ वाचून डोक्यात आलं. आपली भाषाच बघा. बाईसाठी बदफैली, चवचाल, चालू. आणि तेच करणारा बाप्या? रंगेल, शौकीन, फार तर ‘बाईच्या नादी लागला’, म्हणजे तिथेही दोष बाईचा! ‘पतिव्रता’ला पुल्लिंगी जोड शोधली तर ‘एकपत्नीव्रती’ मिळतो, तोही रामापुरता. गल्लीतल्या कुणाला तो शब्द लावलेला मी ऐकला नाही.

---

मांडवी · रविवार, दुपारी १:१०

आणि अशा जोडप्याला म्हणायचं काय, त्यालाही धड शब्द नाही. ‘लिव्ह-इन’ म्हटलं की वर्तमानपत्रातला गुन्हा आठवतो, ‘सोबती’ म्हटलं की म्हातारपण. मी माझ्या भाच्याच्या जोडीदाराची ओळख ‘आमच्या घरची’ अशी करून देते. चालून जातं.

---

खडूफळा · रविवार, रात्री ९:३०

बीड जिल्ह्यातल्या एका गावात माध्यमिक शाळेवर शिक्षक आहे. तुमच्या शहरातली चर्चा वाचली. इथं परिणाम काय होतात ते सांगतो.

दसरा झाला की गावातली निम्मी माणसं ऊसतोडीला जातात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, दोघं मिळून. सहा महिने घर बंद. मग वयात आलेली पोरगी कुठं ठेवायची? म्हातारीजवळ ठेवली तर ‘पोरगी कुणाच्या नादी लागली तर?’ फडावर नेली तर पालाला दार नाही. मग मायबाप काय करतात? नववीत असतानाच लग्न लावून देतात. जबाबदारी गेली आणि नवीन कोयता पण तयार झाला.

गेल्या वर्षी माझ्या वर्गातली एक मुलगी, गणितात पहिली, एका पोराबरोबर बस स्टँडवर बोलताना दिसली. नुसती बोलताना. दोघांच्या हातात पाणीपुरीची एकच प्लेट होती, एवढाच गुन्हा. पंधरा दिवसांत तिचं लग्न ठरलं. मी घरी गेलो. बाप हात जोडून म्हणाला, “गुरुजी, तुमचं सगळं बरोबर आहे. पण उद्या काही झालं तर गावात माझ्या पोरीला कोण करून घेईल? तुम्ही लिहून देता का?” मी चाइल्डलाइनला १०९८ वर फोन केला. त्या दिवशी लग्न थांबलं. दोन महिन्यांनी दुसऱ्या जिल्ह्यात नेऊन गुपचूप लावलं. तिची वही अजून माझ्या कपाटात आहे, शेवटचं सोडवलेलं गणित वर्गसमीकरणाचं आहे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के अठराच्या आत लग्न झालेल्या निघाल्या. पाचात एकीपेक्षा जास्त. लोक म्हणतात गरिबीमुळं. गरिबी आहेच. पण पोराचं लग्न कुणी गरिबीमुळं पंधराव्या वर्षी लावत नाही. पोरीच्या अब्रूची भीती त्यात अर्धी आहे, आणि ती भीती गावानं घातलेली आहे.

बापूराव सर, तुम्ही पण शिक्षक. तुम्हीच सांगा, दारात जाऊन बसायचं ते कुणाच्या?

---

डॉ_निशिगंधा · रविवार, रात्री १०:५०

खडूफळा सर, वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून एकोणीस वर्षं काम करतेय. मागच्या पावसाळ्यात एक मुलगी आली. रजिस्टरमध्ये वय २२, ‘सौ.’ म्हणून नाव. गळ्यात काळी पोत. तपासायला घेतली तर पोतीच्या मागच्या बाजूला किमतीच्या चिठ्ठीचा दोरा तसाच लोंबत होता. दवाखान्यात यायच्या आधी स्टँडवरच्या दुकानातून घेतलेली. तिला वाटत होतं, नवऱ्याची सही लागते आणि नवरा नसेल तर आम्ही हाकलून देऊ.

म्हणून इथे ठळक सांगते, कुणाला तरी उपयोग होईल. बाई अठरा पूर्ण असेल तर गर्भपातासाठी फक्त तिची संमती लागते. नवऱ्याची नाही, वडिलांची नाही. कायदा १९७१ चा आहे. २०२१ च्या दुरुस्तीत ‘नवरा’ या शब्दाच्या जागी ‘जोडीदार’ आला, आणि २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की २० ते २४ आठवड्यांच्या गर्भपाताच्या सवलतीत अविवाहित बाईला वगळता येणार नाही. मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, आम्हाला पोलिसांना कळवावंच लागतं. पण त्याच निकालानुसार मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर तिचं नाव न सांगता कळवता येतं. हे माहीत नसतं म्हणून मुली दवाखान्याऐवजी मेडिकलमधून गोळ्या आणतात, आणि रक्तस्राव थांबेना झाला की मग माझ्याकडे आणल्या जातात. एक वाचली नाही. तिची आई बाहेरच्या बाकावर बसून सारखी एकच म्हणत होती, “मला सांगितलं का नाही गं?”

आणि मुलगे! रात्री अकराला फोन येतात, घाबरलेल्या आवाजात, मोबाईलवर पाहिलेल्या घाणीतून शिकलेले. त्यांना संमती म्हणजे काय हे कुणी सांगितलेलंच नसतं. २००७ साली शाळांमधला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आपल्या राज्यात विरोधामुळे थांबवला गेला. ‘मुलं बिघडतील’ म्हणून. मुलांनी शिकायचं थोडंच थांबवलं? फक्त शिकवणारा बदलला.

---

जुनीपाने · सोमवार, सकाळी ८:०५

बापूकाका, तुमच्याच जिल्ह्यातली गोष्ट. २९ ऑगस्ट १८६८. सावित्रीबाई फुले माहेरी नायगावला होत्या, तिथून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलंय. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण, गावोगाव पोथी-पंचांग सांगत फिरणारा. शारजा नावाची महार मुलगी. दोघांचं प्रेम जमलं, ती सहा महिन्यांची गरोदर राहिली. गावाने दोघांना धरून मारत गल्लीतून चालवलं, जिवे मारायच्या बेताने. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याची भीती घातली आणि दोघांना सोडवलं. गावाने अट घातली की यांनी गाव सोडून जावं. बाईंनी ते मान्य करवून दोघांना जोतीरावांकडे पाठवून दिलं.

त्यांनी आधी लग्न झालंय का, जात कोणती, असं काही विचारत वेळ घालवला नाही. त्याच्या पाच वर्षं आधी, १८६३ मध्ये, या दोघांनी पुण्यात स्वतःच्या घरी विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. त्याला कारण झाली काशीबाई, एक तरुण ब्राह्मण विधवा. फसवली गेली, मूल झालं, भीतीने तिने ते मारलं, आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. फसवणारा मोकळाच. १८७४ मध्ये फुल्यांनी दत्तक घेतला तो यशवंतही असाच एका विधवेचा मुलगा.

डॉक्टर, तुमच्या ‘शिकवणारा बदलला’वरून र. धों. कर्वे आठवले. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी गणिताची प्राध्यापकी गेली, १९२७ च्या जुलैत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत पदरमोड करून चालवलं. वाचक लैंगिक शंका पाठवायचे, ते छापून उत्तरं द्यायचे. त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. तरी अंक निघत राहिले. शंका विचारणाऱ्या माणसाला घाण समजायचं नाही, एवढी साधी गोष्ट होती ती. नव्वद वर्षांनंतर तुमच्या दवाखान्यात त्याच शंका येतायत.

---

बापूराव_सातारा · सोमवार, संध्याकाळी ७:२०

दिवसभर हे सगळं पुन्हा पुन्हा वाचलं.

बंडोपंतांच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. त्या वहिनीला आम्ही कुणीच विचारलं नव्हतं. काल रात्री मी तिला फोन केला. वय ६५ आहे तिचं. म्हणाली, “भाऊजी, यायचं नव्हतं. पण माहेरी भावजय ताट वाढताना तोंड फिरवायची. जाणार कुठं होते?” आणि मग म्हणाली, “तुम्ही चव्वेचाळीस वर्षांनी विचारलंत, बरं वाटलं.” मी फोन ठेवला आणि अंगणात जाऊन बसलो.

लग्नाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. शब्द साक्षीने द्यावा असंच मला वाटतं. परंतु खडूफळा सरांनी विचारलं, कुणाच्या दारात? त्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या बापाच्या दारात, लग्नाच्या आधी. शर्वरीला सोडून गेलेल्या पोराच्या आईच्या दारात. आणि अबोलीबाई, तुमच्या त्या भाषण करणाऱ्या गृहस्थांच्या दारात. तिथे सव्वीस जणांनी जायला हवं होतं.

सर, तुमच्या मुलीची वही टाकू नका. ती ज्या गावी दिली आहे तिथे मुक्त शाळेचा अर्ज भरून घेता येतो का, ते मी पाहतो. माझे दोन विद्यार्थी शिक्षण खात्यात आहेत. मला संपर्कातून निरोप करा.

---

खडूफळा · सोमवार, रात्री ८:०१

सर, निरोप पाठवलाय. पाया पडतो.

---

शर्वरी_के · सोमवार, रात्री ८:४०

काका 🙏 वहिनींना माझा नमस्कार सांगा.

---

अबोली · पुढचा रविवार, रात्री ९:५५

सगळ्यांचं उत्तर वेगवेगळं देत नाही, रागावू नका. काय झालं ते सांगते.

ठराव मागे घ्यायचा विषय मी नोटीस बोर्डावर लावला, त्यात ‘मागील ठरावावरील माझी सही ही माझी चूक होती’ असं लिहिलं. दोन दिवस लिफ्टमध्ये माझ्याशी कुणी बोललं नाही. आज सभा झाली. एकोणीस जण आले. काळाकोट यांनी दिलेले मुद्दे वाचून दाखवले. अकरा विरुद्ध आठ, ठराव रद्द. त्या गृहस्थांनी आवाज चढवला तेव्हा तळमजल्यावरच्या ७८ वर्षांच्या आजी उठल्या आणि म्हणाल्या, “तुमच्या घरातला आवाज आम्ही रोज ऐकतो, आज इथे नको.” एकदम शांतता. सभा संपल्यावर त्यांची बायको जिन्यात माझ्याजवळ थांबली. काही बोलली नाही. मी कागदावर माझा नंबर आणि महिला हेल्पलाइनचा १८१ लिहून तिच्या मुठीत दिला. तिने तो ब्लाउजमध्ये ठेवला.

त्या दोघांना कळव्याला घर मिळालंय, परत यायचं नाही म्हणाली. बरोबरच आहे. येत्या शनिवारी तुळस न्यायला येणार आहे. मी जेवायला थांबा म्हटलंय, दोघांना. कुंडी पूर्वेच्या खिडकीत ठेवलीये, पण खालची पानं पिवळी पडतायत, मला काळजी वाटतेय.

---

बापूराव_सातारा · पुढचा रविवार, रात्री १०:१२

पाणी जास्त होतंय. एक दिवसाआड घाला, आणि वरच्या मंजिऱ्या खुडून टाका, शनिवारपर्यंत नवी पालवी धरेल.